क्विरिनो ग्रँडस्टँडसमोरची बस

फिलिपिन्सची राजधानी मनिला येथील एका आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थेच्या कार्यालयात मी तेव्हा दृश्यविभागाचे काम पाहत असे. स्थानिक वाहिन्यांकडून आणि आमच्या छायाचित्रकारांकडून आलेली दृश्ये तपासायची आणि आशियातील ग्राहक-वाहिन्यांना पुरवायची, असे ते काम होते. २३ ऑगस्ट २०१० हा सोमवार होता. सकाळी इंत्रामुरोस या जुन्या तटबंदीच्या भागात एका बडतर्फ पोलीस अधिकाऱ्याने हाँगकाँगच्या पर्यटकांची बस ताब्यात घेतली आणि ती रिझाल पार्कमधील क्विरिनो ग्रँडस्टँडसमोर आणून उभी केली. रोलांदो मेंदोसा हे त्याचे नाव. हातात एम-१६ रायफल होती आणि खंडणीच्या आरोपावरून गेलेली नोकरी परत मिळावी, एवढीच त्याची मागणी होती.

दुपारपर्यंत कोणालाही हे प्रकरण हाताबाहेर जाईल असे वाटत नव्हते. त्याने काही ज्येष्ठ नागरिक आणि लहान मुले सोडून दिली होती. शिवाय मार्च २००७ मधील घटना सगळ्यांच्या स्मरणात होती. त्या वेळी पाळणाघर चालवणाऱ्या एका माणसाने त्याच शहरात मुलांनी भरलेली बस ओलीस ठेवली होती, वाहिन्यांनी ते सगळे दिवसभर थेट दाखवले होते आणि संध्याकाळी मुले सुखरूप घरी गेली होती. माझ्या मते खरे नुकसान तिथेच झाले, कारण जे निभावून गेले ते बरोबरच होते असा समज बातमीदारांच्या एका पिढीने करून घेतला.

नियम नव्हते असे मात्र नाही. ‘कापिसानान नांग मांगा ब्रॉडकास्टर नांग पिलिपिनास’ या प्रसारकांच्या संघटनेच्या आचारसंहितेत गुन्हा चालू असताना आणि ओलीसनाट्याच्या वेळी करावयाच्या वार्तांकनाबद्दल स्वतंत्र प्रकरण होते, आणि वार्तांकनामुळे माणसांच्या जिवाला मुळात आहे त्याहून अधिक धोका होऊ नये, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. प्रश्न एवढाच होता की, शेजारची वाहिनी थेट दाखवत असताना ते कलम आधी कोणी पाळायचे?

दुपारी एका स्थानिक बातमीदाराकडून आमच्या वार्ताहराला एक मोबाइल क्रमांक मिळाला. तो बसमध्ये मेंदोसाजवळ असलेल्या फोनचा होता आणि तोपर्यंत बऱ्याच जणांपर्यंत पोहोचलेला होता. त्यावर फोन करायचा नाही, हे आम्ही फारशी चर्चा न करता ठरवले. ओलीस ठेवणाऱ्याशी बोलण्याचे काम वाटाघाटी करणाऱ्या पोलिसांचे असते, आणि आपण त्या फोनवर असलो तर ते त्याच्याशी बोलू शकणार नाहीत, एवढे कळायला आचारसंहिता लागत नाही. संध्याकाळी नेमके तेच घडले. एका रेडिओ केंद्राचे निवेदक मेंदोसाशी थेट प्रसारणात बोलत राहिले आणि ऐन मोक्याच्या वेळी पोलिसांना त्याचा फोन मिळेना.

अवघड निर्णय सातच्या सुमारास समोर आला. मेंदोसाचा भाऊ स्वतः पोलीस खात्यात होता आणि दिवसभर तो वाटाघाटींच्या जागेभोवती वावरत होता. त्याला ताब्यात घेतले जाऊ लागले तेव्हा नातेवाइकांचा आक्रोश, धक्काबुक्की आणि त्याभोवती कॅमेऱ्यांचे कोंडाळे, हे सगळे स्थानिक वाहिन्यांवर जसेच्या तसे दिसत होते. बसमध्ये टीव्ही संच होता आणि मेंदोसा तो पाहत होता. भावाला सोडले नाही तर ओलिसांना मारीन, असे तो रेडिओवर बोलला.

आमच्याकडे ती दृश्ये आलेली होती आणि हाँगकाँगच्या वाहिन्या ती थेट मागत होत्या. मी म्हणालो की, थेट पुरवठा थांबवून काही मिनिटांच्या अंतराने द्यावा. आमचे पाळीप्रमुख वयाने ज्येष्ठ होते आणि सारे कार्यालय त्यांना ‘कुया’, म्हणजे दादा, म्हणत असे. त्यांना ते पटले नाही.

“बसमधल्या टीव्हीवर स्थानिक वाहिन्या दिसतात. आपली दृश्ये तिथे पोहोचतच नाहीत. मग आपण थांबून कोणाचा जीव वाचणार आहे? हाँगकाँगमध्ये घरी बसलेल्या नातेवाइकांना तेच चित्र दुसऱ्या संस्थेकडून दिसेल, एवढेच होईल.”

या युक्तिवादात तथ्य होते. पण नोव्हेंबर २००८ मध्ये मी मुंबईत एका वाहिनीच्या संपादन कक्षात होतो. नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरणारे कमांडो साऱ्या देशाने थेट पाहिले होते, आणि कराचीत बसलेले सूत्रधार टीव्हीवर काय दिसते आहे ते हल्लेखोरांना फोनवर सांगत होते, हे नंतर ध्वनिमुद्रणातून उघड झाले. दृश्य पुरवणाऱ्याला ते शेवटी कोणाच्या डोळ्यांपुढे जाते हे कधीच माहीत नसते, असे मी कुयांना म्हणालो. त्यावर त्यांनी विचारले, “आणि ज्यांची माणसे त्या बसमध्ये आहेत त्यांनी काय पाहावे, हे ठरवणारा तू कोण?” याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

अखेर प्रादेशिक मुख्यालयाशी फोनवर बोलून तडजोड निघाली. दुरून घेतलेले दृश्य थेट जाईल, आणि बसजवळच्या पोलिसांच्या हालचाली पाच मिनिटे रोखून दिल्या जातील. दोन ग्राहक-वाहिन्यांनी तत्काळ तक्रार केली, कारण प्रतिस्पर्धी संस्था सर्व काही थेट देत होती.

साडेसातच्या सुमारास बसचा चालक खिडकीतून निसटला आणि “सगळे मेले,” असे ओरडत धावत सुटला. ते वाक्य काही क्षणांत सगळीकडे पोहोचले. आम्ही ते ‘चालकाचा दावा, दुजोरा नाही’ अशा नोंदीसह दिले. एरवी अशा नोंदीकडे कोणी लक्ष देत नाही, पण त्या रात्री ती आवश्यक होती, कारण बसमध्ये अजून माणसे जिवंत होती. पुढचा तासभर पोलीस घणांनी काचा फोडत होते, दाराला बांधलेला दोर तुटत होता आणि ते सारे जग पाहत होते. अखेर मेंदोसा मारला गेला, पण आठ ओलिसांचा जीव गेला.

न्यायखात्याच्या सचिव लैला दे लिमा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पोलिसांइतकाच माध्यमांचाही समाचार घेतला. कार्यालयात मात्र वेगळाच वाद चालू राहिला. ओलीसनाट्याच्या बरोबर नऊ महिने आधी, २३ नोव्हेंबर २००९ रोजी, फिलिपिन्सच्या दक्षिणेतील मागिंदानाओ प्रांतात एका उमेदवारी अर्जाच्या वार्तांकनासाठी निघालेल्या ३२ पत्रकार आणि माध्यमकर्मींना ठार करून जेसीबीसारख्या यंत्राने खणलेल्या खड्ड्यांत पुरले गेले होते. मृतांची एकूण संख्या ५८ होती. ज्या व्यवसायाने नुकतीच इतकी माणसे गमावली, त्याला कॅमेरा बंद करा असे सांगणे सरकारला सोपे नव्हते, आणि तसे सांगितलेले ऐकून घेणे पत्रकारांनाही. कुयांचा मूळ आक्षेप यातून आलेला होता, हे मला त्या संध्याकाळी कळले नव्हते.

भारतात पुढे २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कसाब खटल्याच्या निकालात वाहिन्यांवर कठोर ताशेरे ओढले, आणि २०१५ मध्ये दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण नियमानेच बंद झाले. आता कारवाई संपेपर्यंत सरकारी अधिकारी सांगेल तेवढेच दाखवता येते. मला हवे होते ते हे नव्हे. मला हवी होती ती पाच मिनिटे.

मे २०२० मध्ये फिलिपिन्समधील एबीएस-सीबीएन या वाहिनीच्या परवान्याची मुदत संपली आणि दुसऱ्याच दिवशी आदेशानुसार तिचे प्रक्षेपण थांबले. निवृत्त झालेल्या कुयांनी त्या आठवड्यात मला लिहिले की, कॅमेरा बंद करण्याचा अधिकार कोणाच्या हाती द्यायचा ते आता सांग. पाच मिनिटे थांबण्याचा अधिकार संपादकाकडे असावा, परवाना देणाऱ्याकडे नव्हे, असे मी कळवले. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते: ग्राहक-वाहिनीची तक्रार आल्यावरही संपादकाला ती पाच मिनिटे घेऊ देणारा मालक आधी दाखव.