वात, वारा आणि सुपरहीट: वेट बल्बच्या नोंदी

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा सरावाच्या एसी युनिटची गळती काढून झाली होती, व्हॅक्यूम धरून राहिला होता आणि आर-२२ हा थंड करणारा गॅस भरून मशीन चालू झालं होतं. जुनं डक्टेड युनिट, आत मीटरिंगला (द्रव मोजून सोडायला) साधा पिस्टन, म्हणजे ठरावीक मापाचं एक भोक. गॅस बरोबर भरलाय का हे सुपरहीटवरून बघायचं होतं, म्हणजे आतला द्रव उकळून संपल्यावर त्याची वाफ आणखी किती अंश तापते त्यावरून. ते दोन तासांचं काम वाटलं होतं, प्रत्यक्षात सहा आठवडे गेले. त्यातला जवळजवळ सगळा वेळ गॅसवर नाही, वेट बल्बवर, म्हणजे ओली वात गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या तापमानावर गेला.

पहिला आठवडा

गेज सक्शनला (कॉम्प्रेसरकडे परत जाणाऱ्या वाफेच्या पाइपला) ७० पीएसआय दाब दाखवत होता, त्या दाबाला आर-२२ उकळतो ५ अंश सेल्सिअसला. सक्शन पाइपवर बांधलेला, वरून फोम गुंडाळलेला सेन्सर ११.१. म्हणजे सुपरहीट ६.१ अंश. आता हे ६.१ चांगलं की वाईट? एवढ्यावरून ते कळत नाही. पिस्टनच्या किंवा कॅपिलरीच्या (बारीक नळीच्या) मशीनला कायमचा असा योग्य आकडा नसतोच. कॉइलवर (हवा थंड करणाऱ्या आतल्या नळ्यांवर) येणाऱ्या हवेचं वेट बल्ब आणि बाहेर कंडेन्सरवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांवर) येणाऱ्या हवेचं ड्राय बल्ब, म्हणजे साधं कोरडं तापमान, या दोन्हींवरून त्या क्षणाचं लक्ष्य काढावं लागतं. फॅरनहाइटमधलं सूत्र मेकॅनिक मंडळींना पाठ असतं: वेट बल्बची तिप्पट, वजा ८०, वजा बाहेरचं तापमान, आणि येईल त्याचं निम्मं. मी सगळं सेल्सिअसमध्ये मोजते म्हणून ते उलगडून घेतलं:

लक्ष्य सुपरहीट = १.५ × वेट बल्ब − ०.५ × बाहेरचं ड्राय बल्ब − ४.४

पडताळा म्हणून ६७ आणि ९५ फॅरनहाइट घालून बघितलं. १३ फॅरनहाइट अंशांचा फरक येतो. तेच १९.४ आणि ३५ सेल्सिअस धरून केलं तर ७.२ येतं. दोन्ही एकच.

त्या दिवशी बाहेर ३४ होतं. साध्या थर्मामीटरच्या टोकाला कापसाची ओली पट्टी गुंडाळून तो रिटर्न ग्रिलसमोर, म्हणजे खोलीची हवा मशीनमध्ये परत ओढणाऱ्या जाळीसमोर टांगला. २०.१ आलं. लक्ष्य निघालं ८.७. माझं ६.१. सुपरहीट लक्ष्यापेक्षा कमी म्हणजे गॅस जास्त, असा सरळ अर्थ लावला. गॅसचं काम मी एकटी करत नाही. शेजारचे काका परवानाधारक मेकॅनिक आहेत, रिकव्हरी, म्हणजे गॅस सिलिंडरमध्ये परत काढून घेणं, त्यांच्या देखरेखीखाली त्यांच्याच मशीनवर होते. त्यांना आकडे दाखवले, वजनकाट्यावर रिकव्हरी सिलिंडर ठेवून ६० ग्रॅम काढले. सुपरहीट ८.६ वर गेलं. मला समाधान वाटलं. काका मात्र टांगलेल्या थर्मामीटरकडे बघत होते. पट्टीला बोट लावून म्हणाले, "अगं, याला वारा कुठंय?"

दुसरा आठवडा: वारा

काकांचा मुद्दा समजून घ्यायला मला आठवडा लागला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ओली वात थंड होते ती पाणी उडून जातं म्हणून. पण त्याच वेळी आजूबाजूची कोरडी, उबदार हवा आणि भिंती तिला उष्णता देत असतात. वारा पुरेसा असला की बाष्पीभवनाची बाजू वरचढ ठरते आणि काटा एका ठरावीक खोलीवर जाऊन थांबतो. स्थिर हवेत वातीभोवती तिच्याच वाफेचं दमट कवच तयार होतं आणि रीडिंग वरच अडकून पडतं. थोडक्यात, वारा कमी पडला तर वेट बल्ब नेहमी जास्त दाखवतो, कमी कधीच नाही. चूक एकाच दिशेची असते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. किमान ३ मीटर प्रति सेकंद वारा हवा, ५ असेल तर निर्धास्त. हातात गरागरा फिरवायचा स्लिंग सायक्रोमीटर (कोरड्या आणि ओल्या थर्मामीटरची जोडी) हेच करतो. जर्मन हवामानशास्त्रज्ञ रिचर्ड आसमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंखा आणि चकचकीत नळ्यांचं जे उपकरण बनवलं, तेही हेच: ठरावीक वेगाची हवा ओढायची आणि बाहेरचं ऊन, भिंतीची धग बल्बपर्यंत पोचू द्यायची नाही.

माझं उपकरण आसमानच्याच वाटेनं गेलं. पांढऱ्या प्लास्टिक पाइपचे दोन तुकडे शेजारी शेजारी, एकात कोरडा सेन्सर, दुसऱ्यात ओला, आणि दोन्हींच्या मागे संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा. पंखा हवा ओढतो, ढकलत नाही. ढकलणारा लावला तर मोटरची उष्णता आधी सेन्सरवर येते. पाइप वेगळे ठेवले, कारण ओल्या वातीवरून थंड झालेली हवा कोरड्या सेन्सरला लागली की त्याचाही आकडा बिघडतो. बाहेरून ॲल्युमिनियमची चमकती पट्टी गुंडाळली.

वारा पुरेसा आहे का हे वाऱ्याचा मीटर नसतानाही तपासता येतं. पंख्याचं व्होल्टेज हळूहळू वाढवत गेले आणि ओल्या सेन्सरचं रीडिंग लिहीत गेले. सुरुवातीला व्होल्टेज वाढेल तसं ते खाली येत होतं, ९ व्होल्टनंतर हलेना. तिथून पुढे कितीही वारा दिला तरी आकडा तोच. म्हणजे पोचलो. मी १२ वरच चालवते.

तिसरा आठवडा: वात

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. वात म्हणून बुटाची पांढरी सुती नाडी घेतली, पोकळ विणीची. सेन्सरवर मोज्यासारखी चढते. पहिल्या दिवशी ती पाणी पीतच नव्हती. थेंब वर ठेवला तर मोत्यासारखा गोल राहायचा. नव्या सुताला खळ असते, ती निघेपर्यंत पाणी वर चढत नाही. धुण्याच्या सोड्यात १५ मिनिटं उकळली, तीन पाण्यांतून काढली, शेवटचं पाणी डिस्टिल्ड. त्यानंतर टोक बुडवताच ओल नाडीवरून वर सरकताना डोळ्यांनी दिसते, पांढऱ्याचा राखाडी होत जाणारा पट्टा.

डिस्टिल्ड पाण्याचा आग्रह मला आधी पुस्तकी वाटायचा. नळाच्या पाण्यावर चार दिवस चालवलेली नाडी काढून बघितली तेव्हा पटलं. टोकाशी ती कडक झाली होती, चिमटीत धरून वाकवली तर क्षार बारीक भुकटीसारखे पडले. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, वात पुरेशी ओली होत नाही आणि रीडिंग पुन्हा वर सरकतं. शिवाय नाडी सेन्सरच्या टोकापुरती ठेवून भागत नाही. वायरवरून उष्णता आत येते, म्हणून मी ती सेन्सरच्या मागे आणखी तीन सेंटिमीटर वायरवर चढवली. एवढ्या बदलानं रीडिंग ०.३ अंशानं उतरलं.

तापमानाचे सेन्सर दोन्ही डीएस१८बी२० या जातीचे. त्यांची अचूकता अधिक-उणे ०.५ अंश, म्हणजे दोघांत पूर्ण एक अंशाचा फरक पडू शकतो. डिस्टिल्ड पाण्याचा बर्फ कुटून, त्यात थोडं तेच पाणी घालून दोन्ही सेन्सर एकत्र बुडवले. एक ०.३ दाखवत होता, दुसरा उणे ०.२. दोन्हींच्या दुरुस्त्या कागदावर लिहून पाइपवर चिकटवल्या आहेत.

चौथा आठवडा: तोच दिवस पुन्हा

जवळपास तशीच हवा मिळायला थांबावं लागलं. बाहेर ३४, रिटर्न २६. नवं उपकरण ग्रिलसमोर न धरता फिल्टरच्या पुढे, कॉइलच्या अगदी आधी डक्टमध्ये सरकवलं. डक्टला कुठे फट असेल तर खोलीची हवा आणि कॉइलवर पोचणारी हवा एकच नसते, आणि सूत्राला कॉइलवरची हवी असते. पंधरा मिनिटं मशीन स्थिर होऊ दिलं.

आलेख बघण्यासारखा होता. ओला सेन्सर भराभर उतरला, मग वेग मंदावला, चौथ्या मिनिटाला १८.२ वर सपाट झाला. मुद्दाम पाणी न घालता तसाच ठेवला, तर सतराव्या मिनिटानंतर वात सुकू लागली आणि रेषा वर वळली. वाचायचा तो मधला सपाट भाग. घाईत पहिल्या मिनिटाला वाचलं काय आणि विसरून विसाव्याला वाचलं काय, दोन्ही वेळा जास्तच दिसणार.

१८.२ धरलं तर लक्ष्य येतं ५.९. आणि मी ६० ग्रॅम काढायच्या आधी सुपरहीट होतं ६.१. गॅस तेव्हा बरोबर होता. १.९ अंशांची वेट बल्बची चूक दीडपट होऊन लक्ष्यात २.८ अंशांची झाली होती. लक्ष्याच्या आसपास चालवून घेतात तो फरकही साधारण एवढाच, म्हणजे सगळी सूट थर्मामीटरनंच खाऊन टाकली. काकांसोबत ६० ग्रॅम परत घातले, सुपरहीट ६.० वर आलं.

सूत्रातले दोन गुणक इथे नीट बघावेत असं मला कळकळीनं वाटतं. बाहेरच्या तापमानात १ अंश चुकलं तर लक्ष्य अर्धा अंश हलतं. वेट बल्बमध्ये तेवढंच चुकलं तर दीड अंश. तिप्पट. तरीही बाहेरचा सेन्सर आपण सावलीत आहे ना, कंडेन्सरच्या गरम झोतात नाही ना, हे दहादा बघतो आणि ओली वात जशी असेल तशी वापरतो. तेही बघायला हवंच, पण जास्त काळजी वातीची घ्यावी.

पाचवा आठवडा: गॅसला हात न लावता

हे सगळं का घडतं हे मला आकड्यांत बघायचं होतं. कॉइलला दोन कामं असतात, हवा थंड करायची आणि तिच्यातलं पाणी काढायचं. एक किलो वाफ कॉइलवर पाणी होताना सुमारे २४५० किलोज्यूल उष्णता सोडते. कोरडा थर्मामीटर हा भार दाखवतच नाही, वेट बल्ब दोन्ही भार एकत्र धरतो. विलिस कॅरियर यांनी १९११ साली अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे सायक्रोमेट्रीची (हवेतल्या ओलाव्याच्या मोजमापाची) सूत्रं मांडली, त्यातही मध्यवर्ती जागा याच तापमानाला आहे. पिस्टनचं भोक भाराप्रमाणे उघडत-मिटत नाही. भार वाढला की कॉइलमधला द्रव लवकर उकळून संपतो, उरलेल्या लांबीत वाफ तापत राहते आणि सुपरहीट वाढतं. उलट बाहेर उकाडा वाढला की हाय साइडचा (कंडेन्सरकडचा) दाब वाढतो, त्याच भोकातून जास्त द्रव ढकलला जातो आणि सुपरहीट उतरतं. सूत्रातली अधिक आणि उणे चिन्हं इथून आली आहेत.

मग खोलीत किटली उकळत ठेवली, दारं बंद केली. रिटर्नचं ड्राय बल्ब अर्ध्या अंशानंही हललं नाही, वेट बल्ब मात्र २०.६ वर चढलं. बाहेर ३३.५. सूत्रानं लक्ष्य सांगितलं ९.७. सक्शन ७० वरून ७५ पीएसआयवर गेलं होतं, म्हणजे ६.८ अंश. पाइप १६.१. सुपरहीट ९.३!

गॅस तेवढाच, खोलीचं तापमान तेवढंच, आणि सुपरहीट तीन अंशांनी वर. वेट बल्ब न मोजता कोणी त्या क्षणी गेज लावला असता तर गॅस कमी आहे म्हणून आणखी भरला असता. मी बराच वेळ आकडे वहीत पुन्हा पुन्हा ताडून बघत बसले होते.

सहावा आठवडा, थोडक्यात

एका कोरड्या दिवशी वेट बल्ब १५.८ आणि बाहेर ३६ होतं. लक्ष्य १.३. लक्ष्य २.८ च्या खाली गेलं की या पद्धतीनं चार्ज करू नये. थोडी चूक झाली तरी द्रव कॉम्प्रेसरमध्ये जाऊ शकतो. त्या दिवशी गेज लावलाच नाही.

डिजिटल आर्द्रतामापकाशी तुलना केली. त्याची चूक ३ टक्के धरली तर २६ अंशांना वेट बल्बमध्ये साधारण अर्धा अंश, सुपरहीटमध्ये पाऊण अंश. चांगला असेल तर पडताळ्याला जरूर ठेवावा. माझा मात्र १.२ अंशांनी वेगळा निघाला, म्हणून सध्या निर्णय वातीवरच घेते.

एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (भाराप्रमाणे आपोआप उघडत-मिटत जाणाऱ्या झडपेच्या) मशीनला हे सूत्र लावू नये, तिथे सबकूलिंग, म्हणजे कंडेन्सरमध्ये द्रव झाल्यावर तो आणखी किती अंश थंड होतो ते बघायचं. इन्व्हर्टर युनिटमध्ये गॅस वजनानंच भरायचा. आणि काहीही मोजण्याआधी फिल्टर आणि कॉइल स्वच्छ हवेत, नाहीतर हवा कमी पडल्याचा दोष गॅसवर जातो.

आता असंच दुसरं उपकरण सप्लाय डक्टसाठी (थंड हवा खोलीत सोडणाऱ्या डक्टसाठी) बनवतेय. रिटर्नला १९ आणि सप्लायला १३.७ वेट बल्ब आलं तर हवेच्या दर किलोमागे सुमारे १५.५ किलोज्यूल उष्णता निघते, आणि टनामागे (टन म्हणजे एसीच्या क्षमतेचं माप) ४०० सीएफएम (घनफूट प्रति मिनिट) हवा असताना ते बरोबर एका टनाचं काम होतं. नाडी उकळून झाली आहे, पंखा मिळाला आहे, सेन्सरची बर्फातली तपासणी बाकी आहे.