सिलिंडर ओरखडला कशाने?

सिलिंडर बोअरिंगच्या, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करण्याच्या, यंत्रावर काम करणाऱ्या माणसाकडे गाडीचा मालक क्वचितच थेट येतो. आमच्याकडे येतात ते मेकॅनिक, आणि कोण किती पाण्यात आहे हे त्यांनी आणलेल्या सुट्या भागांवरूनच समजते. काही जण नुसता सिलिंडर टेबलावर ठेवून ‘पुढच्या साइजला करून द्या’ एवढेच सांगतात. काही जण नवा पिस्टन तर आणतातच, पण जुनाही आणतात आणि तो कोणत्या बाजूने घासला आहे यावर बोलल्याशिवाय काम सोपवत नाहीत. जुन्या इंजिनासाठी चांगला मेकॅनिक कोण, असे मला वारंवार विचारले जाते. या प्रश्नाचे उत्तर किती जपून द्यायला हवे, हे यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटरसायकलचा एक सिलिंडर हातात आला त्या दिवशी मला फार स्पष्टपणे जाणवले.

तो सिलिंडर मालक स्वतःच घेऊन आला होता. पिशवीत जुना पिस्टन, प्लग आणि नवाकोरा ०.७५ ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा ०.७५ मिलिमीटरने मोठा, पिस्टन. या इंजिनाचा मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिलिमीटर, त्यापुढे ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० असे ओव्हरसाइज पिस्टन मिळतात आणि ते संपले की स्लीव्ह (आत नवी लोखंडी नळी) बसवणे किंवा दुसरा सिलिंडर शोधणे एवढेच हाती उरते. पहिल्या दोन साइज अगदी थोड्या काळात संपल्या होत्या. दोन्ही वेळा ‘हाफ इंजिन’चे, म्हणजे फक्त वरच्या सिलिंडर-पिस्टनचे, काम झाले, गाडी काही दिवस उत्तम चालली आणि मग भर वेगात पिस्टन जाम झाला. आधीच्या मेकॅनिकने दोन्ही वेळा पिस्टन हलक्या दर्जाचा निघाल्याचे सांगितले होते आणि आता तिसऱ्यांदा बोअर करून आणायला पाठवले होते.

मी बोअर गेज लावून वर, मध्ये आणि खाली, आडवे-उभे माप घेतले. सगळीकडे माप जवळजवळ सारखे आले, म्हणजे हा सिलिंडर वापराने झिजलेला नव्हता, तो ओरखडला होता. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे होते आणि रिंगवर ॲल्युमिनियम फासल्यासारखे चिकटले होते. पिस्टनच्या डोक्यावर काजळी नावालाही नव्हती आणि प्लगचे चिनीमातीचे टोक खडूसारखे पांढरे पडले होते. इंजिनात पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात असल्याच्या या खुणा आहेत. अशा इंजिनाला बोअर करून नवा पिस्टन बसवला तर तोही त्याच वाटेने जाणार, हे दिसत असताना यंत्र सुरू करणे मला पटेना. मी मालकाला तसे सांगितले आणि ज्यांचे काम मी बरीच वर्षे पाहत आलो आहे, अशा एका मेकॅनिकना फोन लावला. वयाने आणि कामाने मोठे असल्यामुळे मी त्यांना वस्तादच म्हणतो.

वस्तादांनी मालकाला फोनवर जे विचारले, त्यातच त्यांचे निम्मे कौशल्य दिसले. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाचा आवाज लगेच खाली येतो की थोडा वेळ चढाच राहतो? ऑइल पंप चालू आहे की पेट्रोलमध्ये ऑइल मिसळता, आणि लिटरला किती? मध्यंतरी कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा छिद्राचा भाग) कुणी बदलला आहे का? आवाज चढाच राहतो, हे उत्तर मिळताच ते म्हणाले, “सिलिंडर परत घेऊन या, गाडीही घेऊन या. बोअरिंग शेवटी.”

त्या दुपारी मी यंत्र बंद करून मालकाबरोबर गेलो. वस्तादांनी जुनाच पिस्टन आणि सिलिंडर नव्या गॅस्केटसह पुन्हा चढवले, एक्झॉस्टचे आणि कार्ब्युरेटरकडचे तोंड रबराच्या बुचांनी घट्ट बंद केले आणि प्लगच्या जागी गेज जोडलेला छोटा हातपंप लावून आत ६ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब भरला. धडधाकट टू-स्ट्रोक इंजिन हा दाब बराच वेळ धरून ठेवते; मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरला तर गळती शोधायलाच हवी. इथे काटा पाहता पाहता शून्यावर आला. त्यांनी क्रँकच्या टोकावरचे वीज तयार करणारे भाग, मॅग्नेट आणि स्टेटर, काढले, पुन्हा दाब भरला, ब्रशने साबणाचे पाणी लावले आणि क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) ऑइल सीलच्या कडेने बारीक बुडबुडे सलग फुटू लागले.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या बंद पेटीत, येते आणि तिथून सिलिंडरमध्ये ढकलले जाते, त्यामुळे मॅग्नेटकडचे सील गळू लागले की पिस्टन वर जाताना कार्ब्युरेटरला वगळून कोरडी हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन तापून फुगतो. क्लचकडचे सील गेले तर गिअरचे ऑइल आत जाऊन धूर तरी दिसतो. मॅग्नेटकडची गळती कसलीही वर्दी देत नाही. हाफ इंजिनच्या कामात क्रँककेस उघडतच नाही आणि त्यामुळे जिथे दोष होता तिथवर दोन्ही वेळा कुणाचा हातच पोहोचला नव्हता. जुन्या गाडीच्या मालकाचे असे नुकसान होते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण सिलिंडरमधून एकदा कापलेले लोखंड परत भरता येत नाही.

नवे सील ठोकून वस्ताद मोकळे झाले नाहीत. त्यांनी क्रँकचे टोक धरून वर-खाली हलवले आणि मालकाचाही हात तिथे ठेवून बेअरिंगमधला खेळ जाणवून दिला. बेअरिंग सैल असेल तर क्रँक डुलतो आणि नवे सीलही लवकरच खराब होते, म्हणून केस उघडून दोन्ही मेन बेअरिंग आणि दोन्ही सील बदलायचे ठरले. कनेक्टिंग रॉडही बदलून टाकू, असे मालक म्हणाला, तेव्हा त्यांनी रॉड तपासून सरळ नकार दिला. तो चांगला होता आणि चांगला भाग काढून त्याजागी कमी दर्जाचा नवा बसवण्यात त्यांना अर्थ दिसत नव्हता. काय बदलू नये हे इतक्या ठामपणे सांगणारा मेकॅनिक मला जास्त भरवशाचा वाटतो.

क्रँककेस बंद होऊन दाब टिकतो आहे याची खात्री झाल्यावरच सिलिंडर माझ्याकडे परत आला, या वेळी वस्तादांच्या हातून. आम्ही नव्या पिस्टनचे माप मायक्रोमीटरने खालच्या घेरावर, पिनच्या काटकोनात घेतले आणि त्या मापाला धरूनच मी बोअर केला. पिस्टनच्या डबीवरच्या आकड्यावर विसंबून केलेले काम शतांश मिलिमीटरच्या हिशेबात टिकत नाही. होनिंगनंतर (आतली भिंत दगडांनी घासून झाल्यावर) त्यांनी सिलिंडरच्या आत बोट फिरवून प्रत्येक पोर्टची, म्हणजे मिश्रण आणि धूर ये-जा करण्याच्या छिद्राची, कड तपासली. बोअर केल्यावर या कडा धारदार होतात आणि रिंग त्यात अडकून तुटू शकते, म्हणून त्या बारीक दगडाने मारून गोलसर कराव्या लागतात. एका पोर्टच्या वरच्या कोपऱ्यात त्यांना किंचित धार लागली. ती त्यांनी माझ्याकडून पुन्हा काढून घेतली आणि मगच सिलिंडर धुवायला घेतला.

गाडी सुरू झाल्यावर एक गोष्ट आणखी निघाली. आधीच्या मेकॅनिकने पांढरा प्लग पाहून मूळ मापापेक्षा मोठा मेन जेट बसवला होता. गळती बंद झाल्यावर त्याच जेटमुळे प्लग काळा पडू लागला. वस्तादांनी मूळ मापाचा जेट बसवला, गाडी फिरवून आणून प्लग पुन्हा काढला आणि त्याचा तपकिरी रंग मालकाला दाखवला. मग इंजिन पूर्ण थंड होऊ दिले, हेडचे नट पुन्हा कसले आणि पहिले काही दिवस एकाच वेगात लांब पळवू नका, असे बजावून किल्ली त्याच्या हातात दिली.