रखवालदाराच्याच घरात मुक्काम

बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत क्षयरोगासाठी थुंकी तपासण्याचे काम मी बरीच वर्षे केले. डबीतला बेडका काचपट्टीवर पातळ पसरायचा, ज्योतीवर धरून पक्का करायचा, त्यावर कार्बोल फुक्सिन ओतून वाफ निघेपर्यंत पण उकळू न देता तापवायचे, मग २५ टक्के सल्फ्युरिक ॲसिडने धुवायचे आणि शेवटी मिथिलीन ब्ल्यू घालायचा. ॲसिडने इतर बहुतेक जंतूंचा तांबडा रंग उतरतो. क्षयाच्या जंतूचा उतरत नाही, कारण त्याच्या अंगावर मायकोलिक आम्लांचे जाड, मेणचट कवच असते. निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या, किंचित वाकलेल्या काड्या दिसल्या की निदान झाले. क्षयरोगाचे कारण हाच जंतू आहे, हे रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केले होते.

या काड्या बहुधा सुट्या पडलेल्या असतात, पण एखादी क्वचित निळ्या पेशीच्या पोटात असल्यासारखी दिसते, आणि माझी नजर तिथे हमखास अडकत असे. पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक आणि शरीर म्हणजे रणांगण, असे आपण शाळेत शिकलो. ही उपमा मला क्षयाच्या बाबतीत कधीच पटली नाही. हा जंतू ज्या पेशीने त्याला मारायचे तिच्याच पोटात शिरतो आणि तिथेच संसार थाटतो.

फुप्फुसातल्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशीने जंतू गिळला की तो एका पडद्याच्या पिशवीत बंद होतो. एरवी ही पिशवी हळूहळू आंबट होत जाते, मग लयकारिका, म्हणजे पाचक रसांनी भरलेल्या पुटिका, तिला येऊन मिळतात आणि आतला जंतू विरघळतो. पिशवी कितपत तयार झाली, हे पेशीला पडद्यावरच्या खुणांवरून कळते. क्षयाचा जंतू नेमक्या याच खुणांशी खेळतो. त्याचे एक प्रथिन पडद्यावरचा एक विशिष्ट मेदरेणू पुसून टाकते आणि दुसरे आम्ल आत ओढणाऱ्या पंपाला पडद्यावर बसूच देत नाही, त्यामुळे पिशवीचा सामू पाचच्या खाली उतरण्याऐवजी सव्वासहाच्या आसपास रेंगाळतो आणि लयकारिका दाराशी येऊनही आत शिरत नाहीत. पेशीच्या लेखी ही पिशवी कायम नुकतीच आलेली असते. सरकारी कचेरीत एखादी फाईल वर्षानुवर्षे ‘आवक’ शिक्क्यावरच पडून राहते, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की इथे शिक्का मारणारा फाईलच्या आतच बसलेला असतो.

तो तिथेही थांबत नाही. ईएसएक्स-१ नावाच्या स्रावयंत्रणेच्या साहाय्याने तो पिशवीच्या पडद्याला भोके पाडतो आणि पेशीच्या अंतरंगात हात घालतो. आपल्या दंडावर जिचा व्रण आहे त्या बीसीजी लशीतल्या जंतूत नेमका याच यंत्रणेचा महत्त्वाचा भाग नाही. ही लस तयार करणाऱ्या काल्मेट आणि गेराँ यांनी १९०८ पासून १३ वर्षे तो जंतू पुन्हा पुन्हा वाढवला, आणि त्या काळात त्याची ही जनुके गळून पडली. त्या दोघांना हे ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

जंतू मरत नाही असे दिसल्यावर शरीर त्याच्याभोवती पेशींची तटबंदी उभारते. आमच्याकडे गावोगावी पांढऱ्या मातीच्या जुन्या गढ्या आहेत. ग्रॅन्युलोमा ही तशीच गढी, फक्त तिच्यात शत्रू कोंडलेला असतो. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो, इतका हा कोंडमारा यशस्वी असतो. पण कुपोषण, मधुमेह किंवा एचआयव्हीने तट कमजोर झाले की गढी आतून ढासळते, मधला भाग चिजासारखा मऊ होतो, श्वासनलिकेकडे वाट फुटते आणि खोकल्याबरोबर जंतू बाहेर पडतो.

मुदतीच्या तापाचा जंतू वेगळ्या वाटेने जातो: सुईसारख्या यंत्रणेने आतड्याच्या पेशीत प्रथिने टोचून तो तिला स्वतःला गिळायला लावतो, आणि पुढे काहींच्या पित्ताशयात वर्षानुवर्षे राहतो.

क्षयाच्या जंतूचे हे सगळे मला एकदा फार थोड्या शब्दांत सांगावे लागले. पोळ्याच्या सुमारास उपचार सुरू झालेला एक ऊसतोड कामगार दसऱ्यानंतर कारखान्यावर निघाला होता. मुकादमाची उचल घेतलेली, कोयत्याची जोडी ठरलेली. तो म्हणाला, “ताई, खोकला तर कवाच थांबलाय, आता गोळ्या कशापायी?”

मी म्हणाले, “मामा, उघड्यावरचे जंतू मेलेत. जे पेशीत दडून बसलेत त्यांना अजून वेळ लागतो.”

ते दडलेले जंतू फार सावकाश वाढतात, आणि बहुतेक औषधे वाढणाऱ्या जंतूवरच जोरात चालतात, म्हणून सहा महिने. पहिल्या दोन महिन्यांतले पायराझिनामाइड तेवढे वेगळे आहे, ते आम्लयुक्त जागी, संथ पडलेल्या जंतूंवर चांगले काम करते. मामांना यातले काही सांगितले नाही. रिफॅम्पिसिनमुळे लघवी तांबूस होते, एवढे मात्र त्यांना स्वतःच कळले होते, आणि औषध ‘लागू पडतंय’ याचा तोच त्यांच्या दृष्टीने पुरावा होता. कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात त्यांचे उपचार वर्ग करून दिले.

वैशाखात मामा परत आले. कोपीत सांभाळलेली रिकामी पाकिटे त्यांनी रुमालातून टेबलावर ओतली आणि थुंकीची डबी पुढे केली. तेलाच्या थेंबाखाली मी शंभर क्षेत्रे मोजून पाहिली. सगळीकडे निळेच होते.