पिंग २४० आणि कमरेला ढोल

परवा परत वॉरबँड हा गेम टाकला. वडगावचा दोस्त रोज डोकं खातोय, लेका नवीन काहीतरी खेळ की, पण माझा जीव अडकलाय 'नेपोलियॉनिक वॉर्स'मध्ये त्याला काय करणार. माउंट अँड ब्लेड वॉरबँड हा तुर्कीच्या टेलवर्ल्ड्सचा २०१० चा गेम, तलवारी, भाले, घोडे, आणि २०१२ ला त्याच्यावर 'नेपोलियॉनिक वॉर्स' हा डीएलसी, म्हणजे मूळ गेमला जोडायचा जादा भाग आला, नेपोलियनच्या काळातल्या लढायांचा, स्टोरीबिरी काही नाही, नुसता मल्टिप्लेअर. ब्रिटन, फ्रान्स, रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया यांच्या फौजा, आणि एका सर्व्हरवर दोनशे-दोनशे माणसं!

आता आमची अडचण. सर्व्हर बहुतेक सगळे तिकडं युरोपात आणि मी बेळगावात, पिंग २४०, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायलाच २४० मिलिसेकंद. बंदुकीचं एक वेळ चालतंय, कारण त्या काळातल्या बंदुकीचा नेम कुणाचाच लागत नाही, धूर तेवढा होतो. पण बायोनेटची, म्हणजे बंदुकीच्या टोकाला लावलेल्या सुरीची मारामारी आली की संपलं. वार दोनच, वरून नाहीतर खालून, तेवढंच ओळखून अडवायचं, आणि मला समोरच्याचा हात वर गेलेला दिसेपर्यंत बायोनेट छातीतून पार झालेलं असतंय.

मग वैतागून एकदा ड्रमर घेतला. बंदूकच नाही, कमरेला ढोल, मेन्यूतनं चाल निवडायची आणि रांगेच्या मागनं वाजवत चालायचं. खरं सांगतो, इतकी मजा कधी आली नव्हती. लाल कोटवाले ब्रिटिश शिपाई पंचवीस-तीस जण पुढं चाललेत, मधेच तोफेचा गोळा येऊन पाच-सहा जण आडवे, आणि मी आपला वाजवतोय. आवाज जरा मोठाच होता, आई उठून आली, "रात्रीचं काय बडवूलालास रे, गणपती लांब हाईत अजून!"

यामुळं एक खोड लागलीय. बेळगावच्या किल्ल्याच्या खंदकाकडनं गाडीवर जाताना तोफ कुठं लावली असती तेच बघत बसतो. १८१८ ला ब्रिटिश सेनापती मन्रोनं हाच किल्ला वेढा घालून घेतला, म्हणजे नेपोलियन हरला त्या वॉटर्लूच्या लढाईनंतर तीनच वर्षांनी, तेव्हा इथंही असलाच धूर आणि असलेच ढोल असणार की!

काल दोस्ताला पण ओढला, बासरी दिली हातात, म्हटलं माझ्या मागंच थांब. बासरी घेऊनच पळत पुढं गेला आणि पहिल्या मिनिटात मेला.


मी वाजवत होतो.