सात घोड्यांचा हिशेब

रविवार, रात्री साडेदहा

चार दिवस झाले तरी भेरूघाटातले ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून आज वही उघडली आहे. बुधवारी चौदा क्विंटल कांदा भरून बडवाहकडून इंदूरला निघालो होतो. त्यातला चार क्विंटल दादांच्या वाट्याचा होता, पण त्याविषयी आज लिहायचे नाही. बलवाडा मागे पडले, घाट लागला आणि पिकअप नेहमीप्रमाणे तिसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढू लागली. आरशात वाहनांची रांग दिसत होती. एका वळणावर रस्ता जरा रुंद होता, तिथे एक पांढरी मोठी गाडी शेजारी आली, तिची काच खाली झाली आणि आतला मुलगा म्हणाला, "अंकल, साइड में चला लो, गाड़ी में दम नहीं है."

त्याने शिवी दिली असती तर मी ती बलवाड्याच्या धुळीत सोडून आलो असतो. पण त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, काळजी होती. आजोबांना जिन्यावर हात देताना जो आवाज निघतो तसा तो होता. मी मुकाट्याने गाडी बाजूला घेतली. सतरा वाहने पुढे गेली. मी ती मोजली, आणि मोजली याचाच मला नंतर अधिक राग आला.

पिथमपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षे मी इंजिने डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवून त्यांचा दम मोजला. कोणत्या इंजिनात किती दम आहे हे सांगण्याचाच मला पगार मिळत होता. आणि तीच गोष्ट ज्याला गिअरची दांडी कधी हातात धरावी लागली नसेल अशा पोराने, चालत्या गाडीतून, कोणतेही उपकरण न लावता मला सांगावी! आणखी वाईट म्हणजे ती खरी होती.

गुरुवारी सकाळी पोहे न खाताच देवास नाक्यावर मिस्त्रींकडे गेलो. जपानहून भंगारात आलेल्या छोट्या मोटारींचे सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारी यंत्रे, त्यांच्याकडे येतात, हे मला ठाऊक होते. त्यांनी फळीवरून त्यातलाच एक, रूट्स ब्लोअर, काढून दिला. कपड्याने पुसून मी त्याचा दांडा हाताने फिरवला, तेव्हा आतले दोन्ही लोब एकमेकांना न शिवता, केसभर अंतर राखून फिरले. पाट्यावर वरवंटा फिरावा तसा एक जड, समाधानी आवाज आला. तिथेच माझे अर्धे मन बनले. ब्लोअर, ब्रॅकेट, क्रँकवरची जादा पुली, नळ्या आणि डिझेल-पंपाची नवी सेटिंग धरून मिस्त्रींनी एक लाख पंधरा हजार सांगितले. गाडी विकायला काढली तर दोन लाखांच्या वर कोणी देणार नाही.

घरी येऊन बसलो आणि पुतण्याची आठवण झाली. चैत्रात त्याने टेक्सासहून हाच प्रश्न मला विचारला होता. त्याची टुंड्रा ५.७ लिटरची, आठ सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी आहे. मुळातच ३८१ अश्वशक्तीची. टोयोटाच्याच टीआरडी विभागाने त्या इंजिनासाठी काढलेला सुपरचार्जर बसवला की ती ५०४ होते. म्हणजे त्याची नुसती वाढच १२३ ची, आमच्या जवळजवळ दोन अख्ख्या गाड्यांएवढी. मी त्याला चार पाने उत्तर लिहिले होते. पेट्रोल इंजिनात दाबलेली हवा तापते, आणि तापलेले मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटून नॉकिंग सुरू होते; म्हणून जास्त ऑक्टेनचे महाग पेट्रोल कायमचे मागे लागते. ताकद वाढते, पण ब्रेक, गिअरबॉक्स आणि रेडिएटर जुनेच राहतात. वर्षातून दोनदा तळ्यावर होडी ओढून न्यायला मूळची ३८१ पुरेशी आहे. हे सगळे मोठ्या तोऱ्यात लिहून शेवटी मी विचारले होते, "तुला वेग हवा आहे की कोणीतरी मागे पडायला हवे आहे?" त्यावर त्याने नुसता अंगठा पाठवला आणि महिन्याभरात सुपरचार्जर बसवला. आता तो प्रश्न माझ्याच पत्त्यावर परत आल्यासारखा वाटतो आहे, आणि मला अंगठाही पाठवता येत नाही.

तरीही माझी बाजू अगदीच पोकळ नाही, हे मला इथे नोंदवून ठेवायचे आहे. हवा दाबायचा दुसरा मार्ग म्हणजे टर्बो; तो एक्झॉस्टच्या वाया जाणाऱ्या वायूवर फिरतो, त्यामुळे स्वस्तात हवा देतो. पण घाटात इंजिनाच्या फेऱ्या खाली आल्या की एक्झॉस्टचा जोर उतरतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी तो झोपी जातो. सुपरचार्जर पट्ट्याने थेट क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, बांधलेला असतो, त्यामुळे इंजिन मिनिटाला बाराशे फेऱ्यांवर कण्हत असले तरी तो आपला वाटा घालतोच. इंडियानातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये या यंत्राचे पेटंट घेतले तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. त्यांचा ब्लोअर आधी भट्ट्यांना वारा घालत होता. लोहाराच्या भात्याची ही थोरली पाती आहे. माझ्यासारख्या ओझे घेऊन हळू चढणाऱ्याला तीच जवळची वाटावी, यात काही चूक नाही.

मग रात्री जेवणानंतर कागद घेतला. ही पलीकडे टीव्ही बघत होती. एकदा वळून म्हणाली, "दम गाडीला लागतोय की तुम्हाला?" मी दम्याचा पंप घेतो म्हणून हा विनोद घरात नेहमीचा आहे. मी उत्तर दिले नाही.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब मुळातच ०.९५ बार मिळतो. मिस्त्री सहा पीएसआय, म्हणजे सुमारे ०.४१ बार, वाढवून देणार. दाब १.४३ पट झाला. इथे मिस्त्री थांबतात आणि म्हणतात, "साहब, तैंतालीस परसेंट हवा ज़्यादा." मला तिथे थांबता येत नाही, कारण हवा दाबली की तापते, आणि साधा रूट्स ब्लोअर ती गरजेपेक्षा जास्त तापवतो. चाळीस अंशांच्या दुपारी त्याची कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर हवा ६१ अंशांनी तापून शंभरच्या वर जाते. तापलेली हवा पसरते. हिशेब केला तेव्हा वजनाने हवा जेमतेम वीस टक्के वाढली. ४३ चे २० झाले. तापलेली हवा इंटरकूलर लावून साठ अंशांवर आणली तर ३४ टक्के हाती लागतात, पण त्या बोनेटखाली इंटरकूलरला जागा कुठे आहे? रेडिएटरपुढे लावला तर घाटात आधीच लाल पट्टीला टेकणारा पाण्याचा काटा ती पट्टी ओलांडेल.

आमचे इंजिन अडीच लिटरचे, बिगर-टर्बोचे, सुमारे ६५ अश्वशक्तीचे आहे. त्याचे वीस टक्के म्हणजे तेरा. आणि ब्लोअर फुकट फिरत नाही. तीन हजार फेऱ्यांवर एवढी हवा ढकलायला तो क्रँककडूनच साधारण सहा अश्वशक्ती खातो. तेरातून सहा गेले, सात उरले. एक लाख पंधरा हजारांत सात घोडे, म्हणजे एकेक घोडा साडेसोळा हजारांना पडला. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात याहून बरा मिळेल, असे मी समासात लिहिले आणि मलाच हसू आले. बुधवारनंतरचे ते पहिले हसू होते.

पुढचे सगळे हिशेब झरझर झाले. डिझेलला नुसती हवा देऊन भागत नाही, पंपाचा स्क्रू पिळून तेलही वाढवावे लागते; तेल वाढले की एक्झॉस्टचे तापमान चढते आणि पिस्टनचे डोके भाजते. आमच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा आवळली जाण्याचे प्रमाण, बावीसास एक आहे. कंपनीतूनच टर्बो घेऊन येणाऱ्या डिझेलमध्ये ते मुद्दाम कमी ठेवलेले असते, आणि पिस्टनला खालून तेलाची धार देण्याची सोय बहुधा केलेली असते. १.४३ पट दाबाची हवा आत गेली तर कॉम्प्रेशनच्या शेवटचा दाबही त्याच पटीत वाढणार आणि हेड गॅस्केट पहिल्याच हंगामात उडणार. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ आहे: निर्मात्याने दिलेल्या तपशिलापेक्षा नोंदणीपत्रातला तपशील वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. उद्या कुठे धडक झाली तर विमेवाल्यांना बोट ठेवायला आयती जागा. हे सारे मला गुरुवारी सकाळी पोहे सोडून निघतानाही माहीत होते, मग मी गेलो कशाला?

"साइड में चला लो." पुन्हा तेच. त्याला काय दिसले असेल? जुनी गाडी, पांढरे केस, पाठीमागे कांदा. त्याच्या जागी मी असतो तर मीही हॉर्न दिला असता. दिलाही असेल, दादांच्या जीपमधून, १९९० च्या आसपास, कोणा बैलगाडीवाल्याला.

शुक्रवारी सहज म्हणून सात घोड्यांनी किती वेळ वाचेल तेही काढले. गाडी आणि माल मिळून तीन टन, चढ सरासरी सहा टक्के धरला, तर ताशी २४ किलोमीटरचे ३२ होतात. प्रत्येक किलोमीटरमागे ३८ सेकंद. ती सतरा वाहने तरीही पुढे गेलीच असती. फक्त त्यातली तीन-चार पुढच्या वळणावर गेली असती.

आणि हा २४ चा आकडा लिहिताना पेन थांबले. तिसऱ्या गिअरमध्ये २४ म्हणजे बाराशे फेऱ्या. डायनोवर कोणी शिकाऊ मुलगा पूर्ण ओझ्यावर इंजिन बाराशेवर दाबून धरायचा, तेव्हा मी त्याला सर्वांसमोर विचारायचो की इंजिनाशी तुझे काय वैर आहे. तिथे अर्धीही ताकद मिळत नाही. दुसऱ्यात टाकली असती तर त्याच वेगाला फेऱ्या दोन हजारांवर गेल्या असत्या, इंजिन मोकळे झाले असते आणि त्या चढावर गाडीने तिशी सहज ओलांडली असती. ब्लोअरच्या वाट्याचे बरेचसे काम एका दांडीने केले असते. मी ती टाकली नाही. का टाकली नाही, ते मला ठाऊक आहे: वीस वर्षे मी भेरूघाट तिसऱ्यात चढत आलो आहे, दहा क्विंटलवर. बलवाड्याच्या चहावाल्यालाही मी हे सांगितलेले आहे.

मुलगा बरोबर बोलला आणि तरीही चुकला, हे मी आता पुराव्यानिशी सांगू शकतो. पण सांगू कोणाला?

काल दुपारी एक काम मात्र शहाणपणाचे केले. पारदर्शक नळीचा तुकडा घेतला, तिचा इंग्रजी यू करून लाकडी पट्टीला चिकटवला, त्यात कुंकवाचे पाणी भरले आणि एक टोक एअर फिल्टरनंतरच्या नळीला जोडले. डिझेलच्या वाटेत थ्रॉटलची झडप नसते, त्यामुळे ओझे नसतानाही पूर्ण फेऱ्यांवर ते जवळजवळ तेवढीच हवा ओढते. हे मोजायला घाटात जावे लागत नाही, अंगण पुरते. धाकट्याला ॲक्सिलरेटरवर बसवले. लाल पाणी एका बाजूने सरसर वर चढले आणि दोन पातळ्यांत ५८ सेंटिमीटरचा फरक दाखवून थरथरत थांबले. फिल्टर उघडला तर प्रत्येक घडीत निमाडची तांबूस माती आणि कांद्याच्या पातळ साली कोंबून भरल्यासारख्या बसलेल्या. सियागंजहून साडेतीनशे रुपयांचा नवा फिल्टर आणून बसवला. पाणी २२ वर थांबले. ३६ सेंटिमीटर सुटले, म्हणजे हवेत साधारण पावणेचार टक्के, म्हणजे अडीच घोडे. साडेतीनशे रुपयांत. ही दारात उभी होती, म्हणाली, "कुंकवाची डबी मात्र परत द्या."

आज सकाळी मिस्त्रींना नाही म्हणायला गेलो. ते वाईट वाटून घेणारे गृहस्थ नाहीत, पण त्यांचा चेहरा पडला. "साहब, पुली तो मैंने खराद पर चढ़ा दी थी," ते म्हणाले, आणि बाकावरून ती काढून माझ्या हातात दिली. काम सुरेख केले होते; खोबणीच्या दोन्ही भिंती आरशासारख्या, कडा बोटाला न लागणारी. तिचे नऊशे रुपये दिले. ते नको म्हणत होते, पण माझ्या गाडीच्या मापाची पुली दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची नाही. ब्लोअर फळीवरच होता. निघताना त्याचा दांडा मी आणखी एकदा फिरवून पाहिला.

बुधवारी पुन्हा कांदा आणायचा आहे. पुली सध्या या वहीच्या डाव्या पानावर ठेवली आहे. पंखा पाचवर असूनही पाने उडत नाहीत.