सपाट जमिनीवरचा १६ सेंटिमीटरचा फुगवटा

सुमारे २० हेक्टर जागेवर मातीचा भराव टाकून ती सपाट करण्याचे काम चालू होते आणि भरावाचे पैसे ड्रोनच्या छायाचित्रांवरून बनवलेल्या उंचीच्या नकाशातून काढलेल्या घनमीटरांनुसार द्यायचे ठरले होते. मालक आणि कंत्राटदार यांच्यात आकड्यावरून वाद झाला, काम थांबले आणि दुसऱ्या पथकाने केलेले ते सर्वेक्षण तपासण्यासाठी मला बोलावण्यात आले. नकाशा पाहताक्षणी विश्वास बसावा असा होता: छायाचित्रांचा ओव्हरलॅप, म्हणजे लागोपाठच्या छायाचित्रांत सामाईक येणारा भाग, उड्डाणाच्या दिशेने ८० टक्के, शेजारच्या पट्ट्यांमध्ये ७० टक्के, आणि कंट्रोल पॉइंटवरची, म्हणजे नकाशा बसवण्यासाठी जमिनीवर अचूक मोजलेल्या खुणांवरची, चूक २ सेंटिमीटरच्या आत. खटकत होती ती एकच गोष्ट. डंपरमधली मोकळी माती रोलरखाली दबली की तिचे आकारमान घटते, म्हणून नकाशावरचा भराव डंपरच्या फेऱ्यांवरून काढलेल्या आकड्यापेक्षा कमी यायला हवा. येथे तो जास्त येत होता.

पहिला संशय उंचीच्या आधारपातळीवर गेला. उपग्रहांवरून मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते, आणि तिचे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत रूपांतर करताना चूक झाली तर एवढ्याशा जागेचा सगळा नकाशा एकसारखा वर किंवा खाली सरकतो. म्हणून जीएनएसएस रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून बिंदूची जागा आणि उंची अचूक मोजणारे हातातले यंत्र, घेऊन मी एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत जमिनीची उंची मोजत गेलो. कडेला फरक २ सेंटिमीटरचाही नव्हता. आत जाऊ लागलो तसा तो वाढत गेला, मध्यभागी नकाशा जमिनीच्या १६ सेंटिमीटर वर निघाला, आणि पलीकडच्या कडेकडे फरक पुन्हा उतरला. नकाशावरची जमीन उपड्या ताटलीसारखी फुगली होती.

सर्व छायाचित्रे कॅमेरा सरळ खाली रोखून, समांतर पट्ट्यांत, एकाच उंचीवरून घेतलेली होती. लेन्समुळे प्रतिमेत येणारी विकृती सॉफ्टवेअर याच छायाचित्रांवरून शोधते. पण अशा मांडणीत त्या अंदाजातली थोडीशी चूक आणि जमिनीचा हलका फुगवटा यांत भेद करण्याइतका पुरावा त्यांत नसतो, आणि ती चूक जमिनीच्या उंचीत उतरते. कंट्रोल पॉइंट सगळे कडेला होते. त्यांनी कडा धरून ठेवल्या आणि मध्य मोकळा सुटला. अहवालातले २ सेंटिमीटर खोटे नव्हते, पण ज्या बिंदूंना धरून नकाशा बसवला त्यांच्यावरच तो तपासणे मला मुळीच मान्य नाही. मध्यभागी १६ आणि कडेला शून्य, म्हणजे सरासरी ८ सेंटिमीटर धरले, तरी २० हेक्टरांवर १६,००० घनमीटर होतात, आणि तेवढ्या न टाकलेल्या मातीचे पैसे मालकाकडून घेतले जाणार होते.

काम थांबलेले असल्याने जमीन बदललेली नव्हती. जुन्या छायाचित्रांत स्पष्ट दिसणारे काँक्रीटच्या चौथऱ्यांचे कोपरे मी रोव्हरने मोजले, मध्यातले काही कंट्रोल म्हणून वापरले आणि बाकीचे केवळ तपासणीसाठी राखून ठेवले. त्याच दुपारी कॅमेरा सुमारे २५ अंश तिरका ठेवून, आधीच्या पट्ट्यांना छेद देणाऱ्या दिशेने नवे उड्डाणही केले. दोन्ही संचांवर स्वतंत्रपणे प्रक्रिया केल्यावर फुगवटा नाहीसा झाला, राखीव बिंदूंवरचा फरक ३ सेंटिमीटरच्या आसपास आला आणि भरावाचा आकडा डंपरच्या आकड्याखाली उतरला. एका कोपऱ्यातल्या उंच गवतात मात्र फरक जास्त राहिला, कारण कॅमेऱ्याला तिथे गवताचे शेंडे दिसतात, माती नव्हे. तो तुकडा मी अहवालात वेगळा दाखवला आणि त्याची उंची रोव्हरच्या मोजणीवरूनच घेतली.