झोपलेला रिसीव्हर आणि डॉक्टरांना मिळालेला मेमो

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या ग्रामीण रुग्णालयातली ही गोष्ट आहे. मोबाइलची रेंज तालुक्याच्या गावातही धड मिळत नव्हती, तेव्हाची. रुग्णालयाचा स्वतःचा छोटा ट्रान्समीटर होता. टेलिफोन ऑपरेटरच्या टेबलावर एन्कोडर (दाबलेल्या नंबरांचे पेजरला कळणारे सिग्नल बनवणारं यंत्र), गच्चीवर अँटेना आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांच्या कमरेला पेजर. वॉर्डातून ऑपरेटरला फोन जायचा, तो बटणं दाबायचा, पेजर वाजून वॉर्डाचा नंबर दिसायचा. मी वर्ध्याहून वायरलेस सेटांच्या दुरुस्तीला तिकडे जायचो.

पावसाळ्यात मण्यार चावलेल्या एका शेतमजुराला रात्री आणलं होतं. पापण्या मिटायला लागलेल्या. सिस्टरनी फिजिशियनना पेज करायला सांगितलं, ऑपरेटरने केलं, डॉक्टर आले नाहीत. शेवटी वॉर्डबॉय चिखलातून क्वार्टरपर्यंत पळत गेला. पेशंट वाचला, पण डॉक्टरांना मेमो मिळाला: कॉलवर असताना पेजरला प्रतिसाद दिला नाही. डॉक्टर एकच सांगत राहिले, की पेजर वाजलाच नाही. तरुण होते, नुकतेच एमडी होऊन मुद्दाम खेड्यात आलेले. मला निरोप आला तो 'पेजर तपासून द्या' एवढाच. प्रशासनाचा निकाल आधीच लागला होता, माझ्याकडून फक्त शिक्का हवा होता.

प्रशासनाच्या बाजूने पुरावाही होता. ऑपरेटरच्या रजिस्टरमध्ये रोज सकाळी 'पेजर टेस्ट – ओके' अशी नोंद. बाकीच्या डॉक्टरांचे पेजर व्यवस्थित वाजत होते. एन्कोडर बसवणाऱ्या पुरवठादाराच्या इंजिनिअरने येऊन 'सिस्टिममध्ये दोष नाही' असं लिहूनही दिलं होतं. सिस्टर मला म्हणाल्या, "भाऊ, डॉक्टर झोपून राह्यले असं म्या कुठंच नाही लिहिलं. पेज केला अन् आले नाहीत, एवढंच लिहिलं." बाई खरं बोलत होत्या.

पेजरची बॅटरी कशी वाचते, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. एका बारक्या ट्रिपल-ए सेलवर तो महिनाभर चालतो, कारण त्याचा रिसीव्हर बहुतेक वेळ बंदच असतो. जागलीला गेलेला माणूस मचाणावर पडल्या पडल्या मधूनमधून डोळा उघडून पाहतो, तसा तो काही मिलिसेकंद जागा होतो, हवेत ओळखीचा सिग्नल नसला की पुन्हा झोपतो. म्हणून पोक्सॅग या पेजरला संदेश पाठवायच्या पद्धतीत संदेशाआधी ट्रान्समीटरने 1010 असे एकाआड एक बिट पाठवत राहायचे असतात, किमान 576. याला प्रीअँबल म्हणतात. 512 बिट प्रति सेकंद या वेगाने ते 1.125 सेकंद चालतं. झोपलेल्या पेजरचा डोळा तेवढ्या वेळात एकदा तरी उघडेल, हा हिशेब त्यामागे आहे. पुढे संदेशाची सुरुवात ओळखायचा 32 बिटांचा सिंक शब्द, मग आठ फ्रेम म्हणजे कप्पे, प्रत्येकीत दोन शब्द. पेजरच्या पत्त्याचे शेवटचे तीन बिट त्याची फ्रेम ठरवतात. सिंक सापडला की पेजर फक्त आपल्या फ्रेमपुरता जागतो, उरलेल्या सात फ्रेम पुन्हा झोप. ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या पुढाकाराने 1970 च्या दशकाच्या शेवटी हे ठरलं, आणि यापेक्षा काटकसरीची बांधणी मी तरी हाताळलेली नाही.

डॉक्टरांचा पेजर मी उघडला. सेलच्या वाटेत दहा ओहमचा रेझिस्टर घातला आणि त्याच्यावर ऑसिलोस्कोप लावला, म्हणजे क्षणाक्षणाचा प्रवाह स्क्रीनवर रेघेत दिसतो. मल्टिमीटर इथे उपयोगाचा नाही, तो सरासरी दाखवतो आणि सरासरी छानच होती. स्क्रीनवर सपाट रेघ, साधारण सेकंदाला एक बारीक उंचवटा, पुन्हा सपाट रेघ. रिसीव्हर ठणठणीत होता. मग एका सर्जनचा जुना पेजर तसाच लावून पाहिला. त्याचे उंचवटे दाट, सेकंदाला तीन-तीन. तो सेल लवकर खायचा आणि सर्जन त्याबद्दल कुरकुरायचे. डॉक्टरांचा पेजर नव्या मॉडेलचा, दोन दोन महिने सेल न बदलता चालणारा. फरक पेजरच्या झोपेत होता, आणि तिथेच मला शंका आली.

ट्रान्समीटर ऐकायला मी सेट लावला. 512 च्या वेगाने 1010 पाठवलं की 256 हर्ट्झचा सूर निघतो, हार्मोनियमच्या पांढरी एकच्या जरासा खाली. वर्षानुवर्षं ऐकलेला, संदेशाच्या खरखरीआधी सेकंदभर लांबणारा. त्या दिवशी तो सूर उमटला आणि लगेच तुटला. ऑपरेटरला पुन्हा पेज करायला लावलं. तेच. स्कोपवर मोजलं, अर्धा सेकंद.

जुना एन्कोडर वीज पडून जळाल्यावर उन्हाळ्यात नवा बसवला होता. त्याच्या सेटिंगमध्ये प्रीअँबल बिटांत न विचारता मिलिसेकंदांत विचारलं होतं, आणि तिथे कारखान्यातून आलेला 500 हा आकडा तसाच होता. सेकंदाला 1200 बिटांच्या वेगाला तो पुरतो, कारण 576 बिट तिथे 0.48 सेकंदात संपतात. इथे वेग 512 चा. म्हणजे सेकंदाला एकदा डोळा उघडणाऱ्या पेजरला अर्धा सेकंद हाक मारून ट्रान्समीटर मोकळा होत होता. जवळजवळ दर दुसरा कॉल हवेत विरत होता. पोक्सॅगमध्ये चुकलेले बिट दुरुस्त करायची सोय आहे, पण झोपेत निघून गेलेला संदेश कोण दुरुस्त करणार? जुने पेजर दाट जागे होत असल्यामुळे त्यांचं काही बिघडत नव्हतं.

आणि सकाळची टेस्ट? ऑपरेटर पेजर समोर ठेवून वाजेपर्यंत बटण दाबायचा. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वेळी वाजला की 'ओके'. त्याला दोष देत नाही, टेस्ट कशी करायची हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. इंजिनिअरचा मात्र मला आजही राग येतो. वेग बदलला की प्रीअँबलचा हिशेब बदलतो, हे त्याच्या कामाचं पहिलं पान. त्याने गाडीतून उतरून एक पेज केला, सर्जनचा पेजर वाजला, आणि सही करून तो निघून गेला.

मी 500 मिलिसेकंदांचे 1200 केले. नंतर ऑपरेटरला दुपारभर मध्ये पाच-पाच मिनिटं सोडून एकेकदाच पेज करायला लावलं. एकही कॉल चुकला नाही. वॉर्डबॉय शेजारी उभा राहून सगळं पाहत होता. म्हणाला, "म्हंजे त्या रात्री सायबाचा पेजर खरंच नाही वाजला. अन् मले वाटलं ते उठलेच नाही."

रिपोर्टमध्ये मी आकड्यांसकट लिहिलं: दोष एन्कोडरच्या सेटिंगचा, पेजर वापरणाऱ्याचा नाही. सकाळची टेस्ट एकाच कॉलने करावी, तो वाजला नाही तर तशीच नोंद करावी, हेही लिहिलं. टेस्टची पद्धत त्यांनी बदलली. मेमो मागे घेतला नाही. 'तांत्रिक बाब निदर्शनास आली' अशी एक ओळ त्याच्याखाली जोडली आणि कागद फाइलला लागला. प्रशासकीय अधिकाऱ्यांना मी विचारलं, "साहेब, दोष त्यांचा नव्हता हे सिद्ध झालं, मग मेमो रद्द का नाही करत?" ते म्हणाले, एकदा जावक क्रमांक पडलेला कागद रद्द होत नसतो. मी म्हटलं, मग रद्द केल्याचा दुसरा कागद काढा, त्यालाही जावक क्रमांक द्या. ते माझ्या बिलावर सही करत होते. उत्तर आलं नाही. वर्ष संपताच डॉक्टर नागपूरला निघून गेले.